पोती मोजली, जोडी नाही

कंधारपासून लातूरपर्यंत खरिपात सोयाबीनची शिवारे पसरतात. त्या सोयाबीनचे बरेचसे तेल सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेनने काढले जाते. हेक्झेनमध्ये उतरलेल्या तेलाबरोबर लेसिथिनही येते. कारखान्यात त्याला ‘गम’ म्हणतात. तेलाच्या रेणूचे मोल वस्तुमान सुमारे 870 ग्रॅम, लेसिथिनचे 780च्या आसपास, म्हणजे चाळणीला दोघे सारखेच. तरीही अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून हे मिश्रण दाबून काढले की तेल पलीकडे जाते आणि गम अलीकडे अडतो. हेक्झेनमध्ये लेसिथिनचे रेणू सुटे राहतच नाहीत. पाण्याची ओढ असलेली डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून ते घोळका धरतात, आणि त्या घोळक्याचे वस्तुमान 20,000च्या घरात किंवा त्याहूनही वर जाते. मग लेसिथिनचे खरे वस्तुमान कोणते? दोन्ही खरी. द्रावणात मोजलेले मोल वस्तुमान पदार्थाइतकेच द्रावकाबद्दलही बोलत असते.

याचे मूळ मोजण्याच्या रीतीत आहे. गोठणबिंदू किती उतरला यावरून वस्तुमान काढताना तापमापी रेणू तोलत नाही, त्यांची फक्त संख्या कळवतो. आडतीवर एकूण माल किती क्विंटल ते ठाऊक असावे आणि पोती मोजून सरासरी काढावी, तसा हा हिशेब. कुणी दोन-दोन पोती एकत्र शिवून ठेवली, तर सरासरी दुप्पट येणारच. 2 ग्रॅम बेन्झोइक आम्ल 25 ग्रॅम बेन्झीनमध्ये विरघळवले तर गोठणबिंदू सुमारे 3.2 अंशांनी उतरायला हवा, उतरतो 1.62. त्यावरून वस्तुमान निघते 242, आणि सूत्र सांगते 122. दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना बिलगलेले असतात.

ही प्रयोगातली चूक नसेल कशावरून? चूक कशीही भरकटते. इथे मात्र तेच आम्ल ॲसिटोनमध्ये नेले की आकडा 122च्या जवळ येतो, कारण ॲसिटोन स्वतःच त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडतो आणि जोडी जमू देत नाही. मग बेन्झीनचेच रेणू आम्लाला चिकटून वजन वाढवत असतील का? तेही पटत नाही. द्रावक चिकटला तरी आम्लाच्या कणांची संख्या तेवढीच राहते, ती निम्मी होत नाही. उरतो तिसरा आक्षेप, आणि तोच वजनदार: वस्तुमान वर्णपटमापी एकट्या रेणूचे वजन अचूक देतो, मग या फसव्या आकड्यांचे करायचे काय?

याला उत्तर इन्सुलिन देते. 1930च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांच्या अतिवेगी अपकेंद्रित्राने त्याचे वस्तुमान 35,000च्या आसपास दाखवले. एका रेणूचे आहे सुमारे 5,800. सहा रेणू एकत्र येतात, आणि जस्त त्यांना बांधून ठेवते. कुपीत ही एकी टिकाऊपणासाठी बरी, पण टोचल्यावर सहाजण सुटे होईपर्यंत औषध रक्तात नीट शिरत नाही आणि जेवणानंतरची साखर तोवर चढते. 1996 साली बाजारात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये फक्त शेजारच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे. त्यामुळे रेणूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि औषध लवकर कामाला लागते. अणू तेच, तेवढेच. म्हणून वर्णपटमापीवर त्याचे एकूण वजन माणसाच्या इन्सुलिनइतकेच भरते.