यंत्राची नोंदवही कशी वाचावी?

लोणावळा परिसरातील वळवण, शिरवता व लोणावळा या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली आणून खोपोली येथे वीजनिर्मितीस १९१५ साली प्रारंभ झाला. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे दुसरे जलविद्युत केंद्र सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविणाऱ्या या केंद्रांमुळे कर्जत व खालापूर या तालुक्यांचा मोठ्या यंत्रांशी शंभर वर्षांहून जुना परिचय आहे. अशा केंद्रांतील कामाची एक ठरलेली शिस्त असते. बेअरिंगचे तापमान, तेलाचा दाब, विजेचा दाब यांचे आकडे ठराविक वेळाने नोंदवहीत लिहिले जातात. यंत्र बंद पडल्यावर ते का बंद पडले हे सांगण्यापुरताच या नोंदवहीचा उपयोग नसतो. ते बंद पडणार आहे, हे आधी सांगणे हेच तिचे खरे काम होय.

आज तालुक्यातील नगरपरिषद, रुग्णालय, महाविद्यालय, सहकारी बँक व कारखाना अशा अनेक ठिकाणी आणखी एक यंत्र अहोरात्र चालू असते. ते म्हणजे सर्व्हर. अनेकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा आणि सर्वांची माहिती एकत्र जतन करणारा हा संगणक आपली नोंदवही स्वतःच लिहितो. ती लिहिण्यास माणूस लागत नाही. वाचण्यास मात्र लागतो. नेमके हेच वाचन बहुधा राहून जाते.

नोंदवहीची परंपरा

संगणकाच्या बिघाडाची एक नोंद जगप्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या मार्क टू या गणकयंत्राच्या एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. यंत्र चालविणाऱ्यांनी तो काढून नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि बाजूला वेळ, पॅनेल व रिलेचा क्रमांक लिहिला. ते पान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. या नोंदीत गमतीचा भाग आहेच, परंतु तिचे मोल वेगळे आहे. बिघाड केव्हा झाला, कोठे झाला आणि तेथे काय आढळले, ही तिन्ही उत्तरे तिच्यात आहेत. चांगल्या नोंदीकडून याहून अधिक अपेक्षा नसते.

आजच्या सर्व्हरमध्ये अशा नोंदी दोन ठिकाणी होतात. एक नोंदवही संगणकाची कार्यप्रणाली ठेवते. लिनक्स असो वा विंडोज, प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांनी कळविलेल्या चुका तिच्यात वेळेसह उतरतात. दुसरी नोंदवही सर्व्हरच्या मुख्य फलकावरील एका लहानशा स्वतंत्र नियंत्रकाकडे असते. पंख्यांची गती, तापमान, वीजपुरवठ्यातील खंड यांवर त्याची नजर असते. कार्यप्रणाली पूर्णतः कोसळली तरी ही दुसरी नोंदवही शाबूत राहते. म्हणून निदान करताना दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

एका बिटाची किंमत

संगणकाची मेमरी प्रत्येक माहिती शून्य व एक या दोन खुणांत साठविते. अशा एका खुणेस बिट म्हणतात. विजेतील दोष, जीर्ण झालेली चकती किंवा अवकाशातून येणारे सूक्ष्म कण यांमुळे एखादा बिट आपोआप उलटतो. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्कारबेक या नगरात यंत्राद्वारे मतदान झाले. तेथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहूनही जास्त मते मिळाल्याचे दिसले. फेरमोजणी केली असता नेमकी ४,०९६ मते जास्तीची भरली. ४,०९६ हा आकडा दोनचा बारावा घात आहे, म्हणजेच मोजणीच्या आकड्यातील एकच बिट उलटला तर पडणारा फरक. प्रणालीच्या तपासणीत अन्य दोष न आढळल्याने मेमरीतील एक बिट उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला. मते अशक्यप्राय संख्येने वाढली म्हणून चूक ध्यानात आली. ती शे-दोनशेची असती तर कदाचित कोणाच्याही लक्षात आली नसती.

कर आकारणीचा आकडा, विद्यार्थ्याचे गुण, रुग्णाचे औषध किंवा खातेदाराचे क्षेत्र यांतील एखादा अंक असाच बदलला तर काय होईल, याची कल्पना पंचायत सदस्यांना व शिक्षकांना सहज करता येईल. बंद पडलेला सर्व्हर सर्वांना दिसतो. चुकीचा आकडा देत चालू राहिलेला सर्व्हर दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक असतो.

आडवी बेरीज, उभी बेरीज

या धोक्यावर सर्व्हरमध्ये जो उपाय असतो, तो ग्रामपंचायतीच्या कोणत्याही लिपिकास ओळखीचा वाटेल. कर मागणीच्या तक्त्यात प्रत्येक घराची एक ओळ असते. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर असे रकाने असतात. ओळींच्या आडव्या बेरजा व रकान्यांच्या उभ्या बेरजा आधी करून ठेवल्या आणि पुढे एखादा आकडा चुकून बदलला, तर एक आडवी व एक उभी बेरीज जुळत नाही. त्या दोहोंचा छेद जेथे होतो तेथेच चूक असते, आणि मूळ आकडाही परत मिळविता येतो. दोन आकडे एकदम बदलले तर चूक झाली एवढे कळते. नेमकी कोठे, हे खात्रीने सांगता येत नाही.

चूक सुधारणारी मेमरी याच तत्त्वावर चालते. प्रचलित पद्धतीत माहितीच्या ६४ बिटांसोबत पडताळणीचे ८ बिट ठेवले जातात. एक बिट उलटला तर सर्व्हर तो स्वतः सुधारतो, काम पुढे चालू ठेवतो आणि नोंदवहीत ‘दुरुस्त केलेली चूक’ अशी नोंद करतो. दोन बिट एकदम उलटले तर ‘दुरुस्त न होणारी चूक’ नोंदवून यंत्र बहुधा स्वतःला थांबविते.

हे थांबणे म्हणजे यंत्राची दुर्बलता नव्हे. बोरघाट उतरणाऱ्या रेल्वेगाडीच्या मार्गात झेल-फाटे असतात. गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे सिद्ध झाल्यावरच तिला मुख्य मार्ग खुला होतो. एरवी सांधा चढणीच्या फाट्याकडे लावलेला असतो. ताबा सुटलेली गाडी खाली धडकण्यापेक्षा फाट्यावर अडकलेली बरी, हा त्यामागील विचार होय. चुकीची माहिती पुढे जाऊ देण्यापेक्षा सर्व्हर थांबलेला बरा, हा विचारही त्याच जातीचा आहे.

दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद मात्र दुर्लक्षित राहते, कारण काम चालूच असते. गूगल कंपनीच्या सर्व्हरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी-पट्ट्यांमध्ये अशा दुरुस्त चुका आढळल्या, आणि ज्या पट्टीत त्या आढळल्या तिच्यात पुढे दुरुस्त न होणारी चूक होण्याचा संभव बराच वाढलेला दिसला. तात्पर्य, वर्षातून एखादी तुरळक नोंद चिंतेची नसते. परंतु त्याच पट्टीची नोंद रोज आणि वाढत्या संख्येने होऊ लागली तर पट्टी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

साक्ष आणि निकाल

नोंदवहीतील प्रत्येक नोंद ही साक्ष असते, निकाल नसतो. चूक जेथे दिसली ते ठिकाण ती सांगते. चूक जेथे उद्भवली ते ठिकाण निराळे असू शकते. डिस्कचे उदाहरण घ्यावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचे काही आकडे जपून ठेवते. खराब झालेले कप्पे बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव कप्पे वापरल्याची संख्या वाढत असेल, तर दोष डिस्कच्या पृष्ठभागात आहे. परंतु माहितीच्या देवाणघेवाणीत पडताळणी चुकल्याची संख्या तेवढी वाढत असेल, तर दोष बहुधा जोडणीच्या केबलमध्ये असतो. दोन्ही वेळी कार्यप्रणालीच्या नोंदवहीत नाव डिस्कचेच येते. हे न पाहता नवी डिस्क बसविली, तर खर्च होतो आणि बिघाड तसाच राहतो.

दुसरे उदाहरण काल्पनिक असले तरी असा क्रम व्यवहारात घडू शकतो. समजा, सकाळी कार्यालय उघडले तेव्हा सर्व्हर बंद होता आणि शेवटची नोंद डिस्कने उत्तर न दिल्याची होती. मागे जाऊन पाहता पहाटे ३ वाजता मेमरीतील दुरुस्त चुका दिसतात. त्यामागे २ वाजून ४० मिनिटांनी तापमान मर्यादेपलीकडे गेल्याची नोंद आहे, आणि त्याच्याही आधी २ वाजून १० मिनिटांनी एका पंख्याची गती मंदावल्याची. शेवटची ओळ वाचणारा डिस्क बदलतो. पहिली ओळ वाचणारा पंखा बदलतो.

निदानाचा क्रम

यावरून निदानाची पद्धत स्पष्ट होते. पहिली गोष्ट, माहितीची दुसरी प्रत सुरक्षित असल्याची खात्री करावी. आजारी डिस्कवर प्रयोग करू नयेत. दुसरी, यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी शक्य असल्यास दोन्ही नोंदवह्यांची नक्कल घ्यावी, कारण नव्या नोंदी येतील तशा जुन्या पुसल्या जातात. तिसरी, दोन्हींची घड्याळे जुळतात का ते पाहावे. वेळ चुकीची असेल तर कोणती घटना आधी घडली हे ठरविता येत नाही. चौथी, शेवटच्या नोंदीपासून मागे जात पहिली असामान्य नोंद शोधावी. पाचवी, चूक दुरुस्त झालेली की न होणारी, तिची संख्या किती आणि ती वाढते आहे काय, हे नोंदवावे.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका वेळी एकच बदल करावा. संशयित मेमरी-पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष. चूक मूळ खाचेतच राहिली तर खाच, मुख्य फलक किंवा प्रोसेसर यांकडे वळावे. पट्टी, केबल व वीजपुरवठा हे तिन्ही एकदम बदलले तर यंत्र कदाचित सुरू होईल, पण कारण कळणार नाही आणि चांगले सुटे भाग भंगारात जातील.

बाहेरची परिस्थितीही ताडून पाहावी लागते. कर्जत-खालापूर हा घाटपायथ्याचा अतिवृष्टीचा प्रदेश आहे. पावसाळ्यातील दमट हवा, वळवाच्या विजा, वीजपुरवठ्यातील खंड व दाबातील चढउतार यांचा ताण यंत्रावर येतो. चुकांच्या वेळा वीज गेल्याच्या वेळांशी जुळत असतील तर यूपीएस, त्याची बॅटरी व अर्थिंग आधी तपासावे. दुपारीच चुका होत असतील तर खोलीतील उष्णता व पंख्यांवरील धूळ पाहावी.

जबाबदारी कोणाची?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता खेडोपाडी परिचयाचे झाले आहे. त्या तीन शब्दांआड अनेक निरनिराळी कारणे दडलेली असतात. सातबारा उतारा मिळत नसेल तर दूरचा केंद्रीय सर्व्हर, मधली दूरसंचार जोडणी, त्यावरील कामाचा ताण किंवा गावातील वीज यांपैकी काहीही कारण असू शकते. यंत्राच्या अंतर्भागातील बिघाड हे त्यांतील केवळ एक. कोणते कारण खरे, हे अंदाजाने नव्हे तर नोंदींनीच ठरते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. दाखल्यासाठी डोंगरावरील वाडीतून तालुक्याच्या गावी आलेल्या मजुराचा रोज बुडतो, जून महिन्यात विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो. आठवडाभर आधी नोंदवहीत येत असलेली सूचना कोणी वाचली असती तर यातील काही खेपा खचितच वाचल्या असत्या.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. ज्या कार्यालयात स्वतःचा सर्व्हर आहे तेथे नोंदवही वाचण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवावे. त्याने आठवड्यातून एक दिवस नव्या चुकांची संख्या, भागाचे नाव व वेळ साध्या कागदी वहीत उतरवून घ्यावी. देखभालीच्या करारात केवळ बंद यंत्र सुरू करून देण्याची अट न घालता बिघाडाचे कारण लेखी देण्याचीही अट असावी. तांत्रिक दुरुस्ती हे तंत्रज्ञाचे काम. मात्र कालच्यापेक्षा आज चुका वाढल्या की नाहीत, हे पाहण्यास तंत्रज्ञ लागत नाही. तेवढे दर आठवड्यास पाहिले गेले, तर माहितीची प्रत घेण्यास आणि सदोष भाग बदलण्यास बहुधा पुरेसा अवधी हाती राहतो.