एका जेवणाच्या चार आंचा

पालघरकडील जुन्या घरांचें स्वयंपाकघर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तेथील चुलीची रचना आठवत असेल. मधोमध मुख्य चूल. तिला लागून, आंतून जोडलेला वैल. आणि चुलीच्या तोंडाशीं ओढून ठेवलेले निखारे. चुलीवर भाकरीचा तवा तापे, वैलावर वरण संथपणें शिजत राही, निखाऱ्यांवर सुका बोंबील भाजून निघे आणि खालच्या फुफाट्यांत रताळें पुरलेलें असे. अग्नि एकच, लांकडें तींच. परंतु चार जागीं चार प्रकारची आंच. पानें मांडलीं कीं चारही पदार्थ एकदम तयार असत.

आज या भागांतील स्वयंपाकघरांचें रूप पालटलें आहे. तारापूर येथें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र सुरू झालें, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि इमारतींतील पुष्कळ बिऱ्हाडांत गॅसच्या शेगडीशेजारीं विजेचा ओव्हन येऊन बसला. यंत्र सोयीचें खरें; पण त्याची पेटी एक आणि पेटींतील उष्णताही एकच. नानकटाईला १६० अंश सेल्सिअस हवेत, भरलेल्या पापलेटाला २००. दोन्ही पदार्थ एकाच जेवणांत हवे असतील तर काय करावें? बहुतेक घरीं मनाला येईल त्या क्रमानें ते भाजले जातात. मग एक करपतो, दुसरा निवतो, आणि करणारी गृहिणी मंडळी जेवून उठेपर्यंत ओव्हनपाशींच उभी राहते.

या अडचणीचा उलगडा फारसा कठीण नाहीं. चुलीनें जें जागेच्या भेदानें साधलें, तें ओव्हनमध्यें वेळेच्या भेदानें साधावयाचें असतें. मात्र त्यापूर्वीं, कोणता पदार्थ उष्णतेच्या बाबतींत खरोखर हट्टी आहे आणि कोणता समजूतदार, हें ओळखलें पाहिजे.

समजूतदार पदार्थाचें उत्तम उदाहरण याच भागांत आहे. थंडीच्या दिवसांत येथें उकडहंडी लावतात. मडक्यांत वालपापडी, कंद, रताळीं, बटाटे, वांगीं हिरव्या मसाल्यासह भरून, पाल्यानें तोंड बुजवून, मडक्याभोंवतीं जाळ करतात. त्या जाळाचें तापमान कोणी मोजीत नाहीं. तें कित्येक शें अंश असतें आणि वाऱ्याबरोबर बदलतें. तरीही आंतील भाजी करपत नाहीं. कारण भाजींतील पाण्याचीच वाफ होऊन ती आंत कोंडली जाते, आणि जोंवर ओलावा शिल्लक आहे तोंवर भाजीचें तापमान १०० अंशांच्या फारसें वर चढत नाहीं. बाहेरची आंच कमी-अधिक झाली तर केवळ शिजण्याचा वेळ बदलतो. तात्पर्य, झांकलेली व पाणीदार भाजी १८० अंशांवर ठेवली काय किंवा २०० वर ठेवली काय, ती शिजतेच. पहिल्या बाबतींत थोडा वेळ अधिक लागतो, इतकेंच.

हट्टी पदार्थ म्हणजे केक, नानकटाई व पाव. उष्णता अपुरी असली तर नानकटाईंतील तूप आधीं वितळून ती पसरते; अधिक झाली तर कडा जळतात व मध्य कच्चा राहतो. केकमध्यें वायूचे बुडबुडे फुगण्याची वेळ आणि पीठ घट्ट होण्याची वेळ यांचा मेळ बसावा लागतो. म्हणून वेळापत्रक आंखतांना हट्टी पदार्थांना त्यांचें तापमान द्यावें व समजूतदारांनीं जुळवून घ्यावें. दोहोंची सरासरी काढून सर्वांवर लादूं नये.

आतां क्रमाचा प्रश्न. लांकडाच्या विटबंद भट्टींत आधीं जाळ करून विटा तापवितात, आणि जाळ ओसरला कीं प्रखर उष्णतेंत प्रथम पाव भाजतात. मग भट्टी उतरूं लागली कीं बिस्किटें, आणि शेवटच्या मंद उबेंत टोस्ट वाळवितात. तेथें क्रम उतरता असतो. कारण जाड विटांनीं सांठविलेली उष्णता केवळ कमी होत जाणारी असते. घरगुती ओव्हनची गोष्ट उलट आहे. त्याच्या भिंती पातळ, व आंत विजेच्या तापत्या कांबी. तापमान ४० अंशांनीं चढविण्यास कांहीं मिनिटें पुरतात. परंतु दार बंद असतां तेवढेंच उतरण्यास पुष्कळ अधिक वेळ जातो. म्हणून घरीं क्रम चढता ठेवावा.

समजा, जेवण एक वाजतां आहे. सव्वाअकराला ओव्हन १६० अंशांवर लावावा. साडेअकराला नानकटाई आंत ठेवावी. ती वीस मिनिटांत होते, आणि निवल्यावरच खुसखुशीत लागते, म्हणून तिनें पहिली जागा घेणें योग्यच. नंतर कळ २०० वर फिरवावी. बारा वाजतां झांकलेल्या भांड्यांत कंद, रताळीं व पापडी खालच्या फळीवर ठेवावीं. बारा पस्तीसला मसाला लावलेलें पापलेट वरच्या फळीवर द्यावें, म्हणजे वरच्या कांबीनें त्याला रंग येईल. शेवटचीं दहा मिनिटें भाजीचें झांकण काढावें. पांच कमी एकला ओव्हन बंद करून भाजी व मासा बाहेर काढावा, आणि उरलेल्या उष्णतेंत पाव गरम करावे. भात व आमटी तेवढ्यांत शेगडीवर होतेच.

यांत दोन पथ्यें आहेत. एक, दार वरचेवर उघडूं नये. प्रत्येक वेळीं आंतील तापलेली हवा निघून जाते आणि हिशेब चुकतो. दुसरें, मासा आधीं भाजून तासन् तास कोमट ठेवूं नये. सुमारें ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतु झपाट्यानें वाढतात. आपल्याकडील उष्ण व दमट हवेंत तर अधिकच. पाळी येईपर्यंत तो शीतकपाटांत असावा व भाजल्यावर लगेच पानांत पडावा.

जुन्या चुलीपाशीं चारही आंचा एकदम सांभाळणारी घरांतील बाई बहुधा सर्वांच्या शेवटीं, निवलेलें अन्न जेवी. चुलीची ती हुशारी ओव्हनमध्यें जरूर आणावी. शेवटीं जेवण्याची ती रीत मात्र आणूं नये. कागदाच्या कपट्यावर आंखलेल्या चार वेळा एवढेंच त्याचें मोल आहे. त्या पाळल्या, तर एक वाजतां पदार्थ ऊन असतील आणि ते करणारीचें पानही इतरांच्या बरोबरच मांडलें जाईल.