पवनची बोली

एनबीएत करार संपून मोकळा झालेला बास्केटबॉलपटू स्वतः संघ निवडतो. प्रो कबड्डीत लिलाव होतो. प्रश्न तोच, एका माणसावर किती लावायचे? २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २.२६५ कोटी मोजले, ४.४ कोटींच्या थैलीतले निम्म्याहून अधिक. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, हंगामही गेला. तरी पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने २.६०५ कोटी दिले! थैली ५ कोटींची झाली होती, आणि असा चढाईपटू दुसरा कुठून आणणार? माझ्या मते बोली मागच्या गुणांपेक्षा समोरच्याच्या गरजेवर चढते. टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. २०२४ मध्ये त्यांनीच त्याला पुन्हा घेतले, १.७२५ कोटींना.