गोगलगाय एक, कुळे अनेक

अहिल्यानगर जिल्ह्यासह राज्यभरातील तळ्या-डबक्यांत इंडोप्लॅनॉर्बिस ही चपट्या शंखाची गोगलगाय आढळते. गुराढोरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा कृमी आधी हिच्या अंगात वाढतात. तिथून पाण्यात सुटलेल्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून मरतात. पण अंगाला खाज सुटते, पुरळ उठते.

दिसायला ही जात एकच. जनुकीय तपासणीत मात्र तिच्या अनेक शाखा निघाल्या. दक्षिण अमेरिकेत आढळणाऱ्या दुसऱ्या एका गोगलगायीवरील १९५३ च्या प्रयोगांत, कृमीला थारा देणे किंवा न देणे आनुवंशिक असल्याचे दिसले होते. म्हणजे शंख सारखे असले, तरी धोका सारखा असेलच असे नाही.

डबक्यातून बाहेर आल्यावर अंग लगेच कोरडे पुसा. खाज टिकली तर डॉक्टरांना दाखवा. गुरांचीही तपासणी करून घ्या.