पितृवंशाचा धागा

घराण्याचें मूळ सांगतांना मूळ गांवाचें नांव अभिमानानें घेण्याची चाल मराठवाड्यांत फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, असें इतिहासकार मानतात. राजधानी मान्यखेटास झाली, तरी पूर्वजांचें गांव पदवींत टिकलें. नांदेड-लातूरकडील घरांतही हा जिव्हाळा अद्याप आहे. वंशावळ, गोत्रप्रवर, कुलाचार हीं त्याचीं साधनें. आतां त्यांत एका शास्त्रीय साधनाची भर पडली आहे. त्याचें बळ किती आणि मर्यादा कोणत्या, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकीं 'वाय' नांवाचें गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातें, आणि त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा उतरतो. क्वचित् त्यांत एखादा बदल होतो. तो पुढील सर्व पुरुषसंततींत खुणेसारखा राहतो. अशा खुणांवरून पुरुषवंशाच्या ज्या शाखा पाडल्या आहेत, त्यांस 'हॅप्लोग्रुप' म्हणतात. आर-वन-ए ही शाखा आपल्या देशांत अनेक जातींत विपुल आढळते. ती दोन घरांत सारखी निघाली म्हणून कांहींच सिद्ध होत नाहीं. परंतु टीसारखी आपल्याकडे विरळ असलेली शाखा दोन घरांत निघाली, आणि तींतील सूक्ष्म खुणाही जुळल्या, तर मूळ पुरुष एक असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. मात्र हें साधन त्या पुरुषाचें नांव सांगत नाहीं. ज्यांचे कागद १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत वाड्याबरोबर गेले असतील, त्यांस तें वंशावळ परत देणार नाहीं.

शिवाय हा धागा एकच. दहा पिढ्या मागें गेल्यास त्या एका पिढींत १०२४ पूर्वजांचीं स्थानें भरतात; वाय गुणसूत्र त्यांतील एकाचेंच. कोंकणांतील बेने इस्रायल समाजाचें उदाहरण पाहावें. नवगांवाजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मध्यपूर्वेकडील यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश त्यांच्यांत भरपूर आढळले. यहुदी अंश विशेषतः पुरुषांकडून, भारतीय अंश स्त्रियांकडून आलेला. नुसता पितृवंश पाहिला असता, तर या मराठी बोलणाऱ्या समाजाच्या मायभूमीचा पत्ताच लागला नसता!

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. वतनदार देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरांत दत्तक नवा नाहीं. भाऊबंदांतला मुलगा घेतला असेल, तर धागा तुटत नाहीं. दुसऱ्या कुळांतला घेतला असेल, तर तुटतो, आणि चार पिढ्यांनंतर एका चुलत घराची खूण दुसऱ्याशीं जुळत नाहीं. मग घरांत कुजबूज सुरू होते, आणि मृत स्त्रियांच्या शीलावरही शिंतोडे उडतात. वास्तविक ज्या दत्तक पुरुषानें आईबापांची श्राद्धें केलीं, कुळधर्म चालविला, देवघरांतला दिवा विझूं दिला नाहीं, त्यास धर्मशास्त्रानें पुत्रच मानलें आहे. गोत्र त्यास विधीनें मिळालें. तें थुंकीच्या एका नमुन्यानें काढून घेतां येत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच : जिज्ञासा अवश्य ठेवावी, पण नमुना धाडण्यापूर्वीं भाऊबंदांस विचारावें, कारण निकाल एकट्याचा नसतो. आणि तत्पूर्वीं घरांतील वडील माणसांजवळ वही घेऊन बसावें. आजीचें माहेर, पणजीचें नांव, दत्तक कोण व कोठून आला, हें सर्व लिहून ठेवावें. गुणसूत्र वाट पाहील. वडील माणसांजवळ तितका वेळ नसतो.