आमच्या मोटारीचा हिशेब

गुरुजींनी घरचा एखादा खराखुरा हिशेब मांडून आणायला सांगितला होता. मी आमच्या विहिरीवरच्या पाणबुडी मोटारीचा मांडला.

तीन वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ५ अश्वशक्तीची मोटार १७,००० रुपयांना घेतली. दुसरी एक २६,००० ला होती. "पाणी दोन्ही सारखंच उपसणार," अण्णा म्हणाले. ९,००० वाचले म्हणून सगळे खूश. मीपण, कारण मला नवं दप्तर मिळालं!

पहिल्याच फाल्गुनात मोटार जळाली. उन्हाळी कांदा नुकताच पोसायला लागला होता. चार माणसांनी दोर लावून मोटार वर काढली आणि तालुक्याला भरायला टाकली. तिथे ही गर्दी! बारा दिवस गेले. विहिरीत पाणी, आणि वाफ्यांना भेगा. आई रोज बांधावर जाऊन बघून यायची, बोलायची काही नाही. निम्मा कांदा गोल्टीच निघाला.

मोटार भरणाऱ्या काकांनी कारण सांगितलं. व्होल्टेज कमी झालं की मोटार जास्त करंट ओढते व तापते. तीनपैकी एक फेज गेला तर भार उरलेल्या दोन फेजवर येतो. मग आतल्या तारेवरचं वेष्टण जळतं. आमच्या मोटारीत ॲल्युमिनियमची तार होती. वीज वाहून नेण्याची तिची ताकद तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या साधारण ६० टक्के असते, म्हणून ती लवकर तापते. तरी पैसे वाचवायला आम्ही परत तीच तार भरली. पुढच्या वर्षी मोटार पुन्हा जळाली.

आता हिशेब. एकदा भरायला ४,००० आणि काढायला-बसवायला १,५००, असे दोनदा मिळून ११,०००. मूळ १७,००० मिळवले की २८,००० होतात. कांद्याचं नुकसान यात धरलेलं नाही.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा अण्णांनी दुसरी मोटार आणली. घेताना आयएसआय शिक्का पाहिला, तार तांब्याची आहे का विचारलं, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात याची खात्री केली. फेज गेला की मोटार बंद करणारा डबाही स्टार्टरला बसवला. काका म्हणाले, हा डबा आधीच असता तर स्वस्तातलीही कदाचित टिकली असती. अण्णा गप्प बसले.

मळणीयंत्र मात्र आम्ही भाड्यानेच आणतो. ते वर्षातून दोन दिवस लागतं.

जुनी मोटार गोठ्यात पडून आहे. भंगारवाला आला होता, पण ॲल्युमिनियमला तांब्याचा भाव देईना.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी