बिनतारी कळफलक आणि हातांची निगा
(उज्जैनच्या मराठी घरांतील कार्यालयांच्या निमित्ताने)

क्षिप्रेच्या काठी वसलेले उज्जैन हे महाकालेश्वराचे क्षेत्र आणि सवाई जयसिंहाने उभारलेल्या वेधशाळेचे नगर म्हणून सर्वांना परिचित आहे. मराठी वाचकांना या नगराविषयी आणखी एक जिव्हाळा वाटतो. अठराव्या शतकात माळव्यात शिंद्यांची सत्ता स्थिरावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राजधानी ग्वाल्हेरला जाईपर्यंत उज्जैन हे त्यांच्या कारभाराचे प्रमुख ठाणे होते. त्या कारभाराबरोबर कारकून, फडणीस, वैद्य, पुरोहित अशी अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांपैकी अनेकांचे वंशज आजही घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात.

या कुटुंबांत लेखनकाम ही जुनी वृत्ती होय. पूर्वीचा कारकून घरच्या बैठकीवर मांडी घालून, पुढे उतरत्या फळीचे बुटके मेज घेऊन बोरूने लिहीत असे. आजचा कर्मचारी, अनुवादक, शिक्षक किंवा सेवा केंद्राचा चालक त्याच घरात संगणकापुढे बसतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाल्यावर पुण्या-मुंबईतील आणि सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदुरातील आस्थापनांची कामे अशा अनेक घरांतून होऊ लागली. टाळेबंदी उठली, तरी घरातून काम करण्याची पद्धत काही प्रमाणात टिकून राहिली आहे. साधन बदलले, परंतु लिहिणारा हात तोच राहिला. त्या हाताची निगा कशी राखावी आणि त्या कामी बिनतारी कळफलकाचा उपयोग कितपत होतो, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

श्रम आणि शरीर यांचा मेळ

काम माणसाच्या शरीराला अनुरूप कसे करावे, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला ‘अर्गोनॉमिक्स’ असे म्हणतात. श्रम आणि नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले असून पोलंडमधील यास्त्रझेम्बोव्स्की या शास्त्रज्ञाने १८५७ साली ते प्रथम वापरले. नाव परदेशी असले तरी त्यामागील विचार आपल्याला अपरिचित नाही. मोडी लिपीचेच उदाहरण घ्यावे. ओळीची शिरोरेघ आधी ओढून घ्यावयाची आणि लेखणी शक्य तितकी कमी उचलून अक्षरे जोडीत जावयाचे, अशी तिची रीत होती. वेग वाढावा आणि हात थकू नये, ही व्यावहारिक गरज त्या रीतीतून भागत असे. उतरत्या मेजाचाही हाच हेतू होता. कागद नजरेसमोर येई व मान फार वाकवावी लागत नसे.

मांडीवरच्या संगणकाने, म्हणजे लॅपटॉपने, हा मेळ बिघडविला आहे. त्यात पडदा आणि कळफलक एकमेकांस जखडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा तर हात वर उचलून धरावे लागतात. हात सुखात ठेवावेत तर मान तासन् तास खाली झुकते. पाटावर किंवा चौरंगावर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यास हा अनुभव रोजचाच आहे. त्यावर एकच खरा उपाय आहे आणि तो म्हणजे पडदा व कळफलक यांची फारकत करणे. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर किंवा पेटीवर उंच ठेवावा आणि टंकलेखनासाठी निराळा कळफलक कोपरांच्या उंचीवर घ्यावा.

बिनतारी कळफलकाचे प्रयोजन

निराळा कळफलक तारेचा असला तरी वरील हेतू साध्य होतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. केवळ तार नाहीशी झाल्याने बोटांचे श्रम कमी होत नाहीत. बिनतारी साधनाचा लाभ आहे तो जागेच्या स्वातंत्र्याचा. खोली लहान, टेबल एकच आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, अशा घरात कळफलक क्षणात उचलून बाजूला ठेवता येतो. खाली बैठकीवर बसणाऱ्यास तो बुटक्या मेजावर घेता येतो. खुर्चीवर बसणाऱ्यास मांडीवरील फळीवर घेता येतो. तार अडकून संगणक खाली ओढला जाण्याचा धोकाही उरत नाही.

हे कळफलक मुख्यतः दोन प्रकारे जोडले जातात. एका प्रकारात संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा लहानसा ग्राहक कळफलकाबरोबरच मिळतो. दुसऱ्या प्रकारात संगणकातील ‘ब्लूटूथ’ यंत्रणेचा उपयोग होतो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. भारतात २००५ पासून या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या साधनांना परवाना लागत नाही. सामान्य वापरात सुमारे दहा मीटरपर्यंत जोडणी टिकते, घरगुती कामास ती पुरेशी होय.

मात्र एका बाबीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. काही स्वस्त बिनतारी कळफलक दाबलेल्या कळांची माहिती सांकेतिक रूप न देता उघडपणे प्रक्षेपित करतात आणि सुमारे २५० फूट अंतरावरून ती टिपता येते, हे २०१६ साली संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. सेवा केंद्रातून नागरिकांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक व परवलीचे शब्द टंकित होत असतात. अशा ठिकाणी संदेश सांकेतिक स्वरूपात पाठविले जातात, असा स्पष्ट उल्लेख असलेलेच साधन घ्यावे. तशी खात्री होत नसेल तर तारेचा कळफलक वापरणे श्रेयस्कर.

दुभागलेला कळफलक

रोमन अक्षरांची प्रचलित मांडणी अमेरिकेतील शोल्सच्या टंकलेखन यंत्रापासून आली. १८७० च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. भारतात गोदरेजने १९५५ साली टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढे देवनागरी यंत्रेही सरकारी कचेऱ्यांतून दिसू लागली. या सर्व यंत्रांत कळांच्या ओळी सरळ असत. माणसाचे हात मात्र खांद्यांपासून तिरपे पुढे येतात. सरळ ओळींवर बोटे ठेवण्यासाठी मनगटे बाहेरच्या बाजूस मुरडावी लागतात आणि तळवे पूर्ण पालथे करावे लागतात.

हा दोष जर्मनीतील क्लॉकेनबर्ग याने १९२६ सालीच दाखविला होता आणि कळफलक मध्ये दुभागून दोन्ही भाग तिरपे ठेवावेत, असे सुचविले होते. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या धर्तीचा कळफलक विक्रीस आणल्यावर ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. काही नमुन्यांत दोन्ही भाग एकाच चौकटीत, पण मध्ये उंच व कडेला उतरते असतात. काहींत ते पूर्णपणे सुटे असतात. दोहोंचा उद्देश एकच, मनगट हाताच्या रेषेत सरळ राहावे.

मराठी टंकलेखनाचा विचार

बाजारातील बहुतेक माहिती इंग्रजी टंकलेखन गृहीत धरून दिलेली असते. देवनागरीत काम करणाऱ्याने आपला हिशेब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही समान मांडणी निश्चित केली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. उज्जैनसारख्या ठिकाणी तिचे महत्त्व विशेष आहे. दिवसा हिंदीत अर्ज भरणारी व्यक्ती सायंकाळी मराठीत पत्र लिहिते, तेव्हा बोटांना नवी सवय लावावी लागत नाही. मराठीचा ‘ळ’ही तेथे हजर आहे, ‘ल’ च्याच कळेवर शिफ्टसह तो उमटतो.

या मांडणीत वरच्या दोन ओळींतील डावी बाजू स्वरांची आणि उजवी बाजू व्यंजनांची आहे. ‘का’, ‘ते’, ‘पी’ अशी अक्षरे टंकित करताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. दुभागलेल्या कळफलकाची फूट नेमकी या दोन बाजूंमध्ये येत असल्यामुळे तो देवनागरीस चांगला मानवतो. इंग्रजी एफ व जे यांच्या कळांवर जे बारीक उंचवटे असतात, त्यांवर येथे ऱ्हस्व इकार आणि ‘र’ येतात. तर्जनी तेथे ठेवल्या की न पाहता टंकलेखन करता येते.

परंतु मराठीत उजव्या करंगळीवर भार फार पडतो, हे लक्षात घेतले पाहिजे. च, ज, ट, ड आणि य ही सर्व व्यंजने त्या एका बोटाच्या वाट्याला आली आहेत. मराठीत पदोपदी येणारा ‘च्या’ हा प्रत्यय लिहिताना करंगळी दोनदा चालते. एकदा ‘च’ साठी आणि पुन्हा ‘य’ साठी. ‘आणि’ या साध्या शब्दात ‘आ’ व ‘ण’ या दोन्ही अक्षरांसाठी उजवी शिफ्ट दाबावी लागते, तेही करंगळीनेच. दिवसभरात अशी आवर्तने हजारोंनी होतात. म्हणून मराठी टंकलेखकाने साधन निवडताना उजवी शिफ्ट रुंद आहे काय, ती करंगळीच्या सहज टप्प्यात येते काय आणि कळ हलक्या दाबाने चालते काय, हे स्वतः दाबून पाहावे. करंगळी दुखू लागली असल्यास विंडोज प्रणालीतील ‘स्टिकी कीज’ ही सोय वापरावी. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यास ती सुरू करण्याबाबत विचारणा होते. त्यानंतर शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. आधी शिफ्ट व मग अक्षर असे क्रमाने दाबता येते.

दुभागलेल्या कळफलकांवर बहुधा रोमन अक्षरेच छापलेली असतात. नवशिक्यास देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावता येतात. सवय होईपर्यंत वेग मंदावतो. म्हणून टंकलेखन परीक्षेच्या ऐन तोंडावर साधन बदलू नये. परीक्षेस जो कळफलक मिळणार, त्यावरच सराव करणे हिताचे.

बैठक व मांडणी

साधन कितीही उत्तम असले तरी मांडणी चुकीची असल्यास त्याचा उपयोग होत नाही. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. कोपरे अंगाजवळ व साधारण काटकोनात असावीत. कळफलक त्याच उंचीवर असावा. टेबल उंच असल्यास खुर्चीवर गादी घेऊन पायांखाली पाट ठेवावा.

२. कळफलकाच्या मागील बाजूचे लहान पाय उभे करू नयेत. त्यामुळे मनगटे वर मुरडतात.

३. टंकलेखन चालू असताना मनगटे कडेवर टेकून दाबू नयेत. टेकण्याची उशी विसाव्याच्या क्षणांसाठी असते.

४. माउस कळफलकाला लागून असावा. अंकांचे काम फारसे नसेल तर अंककळा नसलेला आखूड कळफलक घ्यावा, म्हणजे उजवा हात दूर न्यावा लागत नाही.

५. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. तासातून किमान एकदा उठून चालावे.

६. बैठकीवर काम करणाऱ्याने पाठीस तक्क्या किंवा भिंतीचा आधार घ्यावा आणि मांडी वरचेवर बदलावी.

दुखण्याची लक्षणे

मनगटातील अरुंद मार्गातून एक प्रमुख मज्जातंतू तळहातात जातो. त्यावर दाब आल्यास अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात किंवा बधिरता जाणवते. रात्री हा त्रास वाढतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गर्भावस्था यांतही ही लक्षणे उद्भवू शकतात. केवळ टंकलेखनाने हा विकार होतो की नाही, याविषयी वैद्यकीय जगतात एकमत नाही. म्हणून कोणताही कळफलक हे औषध मानू नये. बधिरता काही दिवस टिकली, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा झोपमोड होऊ लागली, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. स्नायू क्षीण होईपर्यंत थांबल्यास उपचार अवघड होतात. ज्यांचा चरितार्थ बोटांवर चालतो, त्यांना असा विलंब परवडणारा नाही.

खरेदी व देखभाल

दुभागलेला बिनतारी कळफलक साध्या कळफलकाच्या अनेक पट महाग असू शकतो. दिवसातून तास-दोन तास काम करणाऱ्यास साधा, निराळा कळफलक आणि योग्य बैठक एवढे पुरते. सहा-आठ तास टंकलेखन करणाऱ्याने मात्र हा खर्च अवजारावरील खर्च समजावा. घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, हमीची मुदत आणि आपल्या संगणक प्रणालीचा उल्लेख पाहावा.

अनेक कळफलकांत पेन्सिल सेल लागतात. दीर्घकाळ वापर नसल्यास ते काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून साधन निकामी होते. सेलची एक जोडी नेहमी हाताशी ठेवावी. उन्हाळ्यात माळव्यात पारा चाळिशीपार जातो. घाम व धूळ कळांच्या फटींत साचते. आठवड्यातून एकदा कळफलक बंद करून उलटा झटकावा व किंचित ओलसर फडक्याने पुसावा. निकामी सेल व कळफलक कचरापेटीत टाकू नयेत. ई-कचरा आणि वापरलेल्या बॅटऱ्या यांच्या व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार त्या वस्तू अधिकृत संकलन केंद्रात द्याव्यात.

शाळांतील शिक्षक, कार्यालयांतील कर्मचारी आणि गावोगावच्या सेवा केंद्रांचे चालक यांना ही माहिती उज्जैनमध्ये जितकी उपयुक्त, तितकीच महाराष्ट्रातील कोणत्याही गावी आहे. विळा बोथट झाला तर शेतकरी त्यास धार लावतो, मूठ सैल झाली तर ती बसवून घेतो. संगणकावर काम करणाऱ्यानेही आपले अवजार तितक्याच डोळसपणे निवडावे आणि आपल्या हातांना वेळच्या वेळी विसावा द्यावा.